वेणूचं रान

ओढ्याकाठच्या आमच्या दीड एकराला गावात अजून वेणूचं रान म्हणतात. सातबाऱ्यावर नाव माझं आहे, माझ्याआधी आमच्या मालकांचं होतं. पन्नासाच्या वर वर्षं झाली, तिथली तूर, ज्वारी, हळद माझ्या घरात येते. तरी परवा ट्रॅक्टरवाला पोरगा माझ्याच ओसरीवर बसून, माझाच चहा पीत मला विचारतो, "आजी, आज कोणतं नांगरायचं? वेणूचं का?"

"व्हय बाबा, वेणूचंच," म्हटलं. तो गेल्यावर कपबशी जरा जोरात आपटली. ब्याऐंशी वर्षांची झाले, पण जळायला वयाची अट नसते.

वेणू माझी धाकटी जाऊ. मी तेराव्या वर्षी हट्ट्याला नांदायला आले आणि चार वर्षं एकटी सून म्हणून मिरवले. मग ही आली. वाशीमकडची, वऱ्हाडातली. तिकडे इंग्रजाचं राज्य, मराठी शाळा. आमच्याकडे निजामाचं, शाळा उर्दू, आणि तीही पोरांची. मला अक्षर म्हणजे भिंतीवरच्या मुंग्यांच्या रांगेसारखं. वेणू मराठी चौथी पास होती. दिसायला मात्र माझ्यापेक्षा बरी नव्हती. ते मी पहिल्याच आठवड्यात आरशापुढे उभं राहून पक्कं करून घेतलं होतं. पंजे पुरुषासारखे रुंद, पाय फताडे, आवाज शेजारच्या गल्लीत जाईल असा. आणि बोलणं सगळं "मले" नि "तुले". मी तिची नक्कल करून दाखवायचे. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची. मग नक्कल करण्यात काही मजा राहायची नाही.

तिच्या पेटीत दोन लुगडी, एक पितळी डबा आणि एक पुस्तक होतं. पुस्तक शाळेत बक्षीस मिळालेलं. वरचं पुठ्ठा-पान गेलेलं, त्यामुळे त्याचं नाव काय, लिहिलं कुणी, कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठल्या तरी अमेरिकेतल्या जुन्या गोष्टीचं कुणी तरी मराठी केलेलं. अमेरिका हा शब्द आम्हाला कापसाच्या बियाण्यापुरता माहीत. तिथे माणसं राहतात हे वेणू आली तेव्हा कळलं.

थंडी सरता सरता अर्धवट उमललेली कापसाची बोंडं घरी आणून फोडायचं काम असे. दुपारच्या वेळी ओसरीवर आठ-दहा बाया बसत. त्या कामानं बोटांची अगदी चाळण होते. पहिल्याच वर्षी सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, "वेणे, तुझं ते पुस्तक आण. वाच बघू. बोंडं आमी फोडतो." झालं! आम्ही रक्ताळलेल्या बोटांनी बोंडं फोडतोय आणि ही बाई खांबाला टेकून, अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटतेय. वर आत्याबाई तिला मधून मधून पाणी देतायत, घसा सुकला असंल म्हणून! माझा घसा चार वर्षांत कुणाला सुकलेला दिसला नव्हता.

गोष्ट अशी. जेकब नावाचा एका कुळाचा पोरगा. सात पिढ्या दुसऱ्याचं रान कसलेलं, आपलं म्हणायला वीतभर जागा नाही. तो जहाजात बसतो आणि एक कुऱ्हाड घेऊन अमेरिकेला उतरतो. तिथे जंगलच जंगल. जो तोडील त्याचं रान, जो राबेल तो मालक. जेकब झाडं तोडतो, बुंधे उपटतो, दगड वेचतो, मका पेरतो.

बायांचे प्रश्न वेगळेच. "भाकर कोण थापून देतं त्याला?" "भावकी न्हाई का तिथं?" बांगड्या भरणारी हमीदाबी मनियारीण टोपली उतरवून बसायची ती उठायची नाही. ती म्हणायची, "जेकब बोले तो अपना याकूब. उसकी अम्मा को किसने संभाला, वो पढ़ ना वेणू." आत्याबाईंनी एकदा विचारलं, "त्याच्या आंदी ते रान कुणाचं व्हतं?"

वेणूनं पान मागं-पुढं करून पाहिलं. "पुस्तकात न्हाई देलं, आत्याबाई."

"दिलं नसंल. पन कुणाचं तरी असंलच की," आत्याबाई म्हणाल्या आणि बोंड फोडलं.

गोष्ट दरवर्षी एकाच जागी संपायची. मका छातीला लागलेला, जेकब स्वतःच्या घराच्या दारात उभा. वेणू पुस्तक मिटायची. कुणी विचारलं पुढं काय, की म्हणायची, "पुढं काय, सुखात राह्यला." मला मात्र एक गोष्ट दिसली होती. पुस्तकाच्या शेवटची सात-आठ पानं लाल दोऱ्यानं शिवून बंद केलेली होती. कडेनं बारीक, नेटके टाके. ज्या बाईला लुगड्याचा फाटका पदर शिवायला सवड नव्हती तिनं पानं का शिवावीत? त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

जेकबच्या नादानं वेणूनं काय मागावं? आत्याबाई औंढ्याला दर्शनाला गेल्या होत्या त्या दिवशीची गोष्ट. मामंजी, आमचे सासरे, एकटेच जेवायला बसले होते. मी वाढत होते, वेणू चुलीपाशी. सुनेनं सासऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. ही डोक्यावरचा पदर पुढं ओढून तव्याकडं बघत म्हणाली, "ओढ्याकाठचं बरड मले देता का?"

ते बरड म्हणजे नुसते दगड. गुरं चारायलाही कुणी तिथं नेत नसे. मामंजींना हसताना ठसका लागला. "तिथं साप बी राहीना पोरी. घे. जेवढं साफ करशील तेवढं तुझं. माझा शब्द हाय." आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "थोरले, तू साक्षीला हाईस बरं का."

मी मान हलवली आणि त्यांना न विचारता डावभर वरण जास्त वाढलं. मला वाटलं, चार दिवसांत हात सोलले की येईल रडत.

ती सात वर्षं आली नाही रडत. दुपारी सगळं घर आडवं झालं की ही पहार आणि टोपलं घेऊन निघायची. संध्याकाळी येऊन हातपाय धुताना म्हणायची, "आज चार हलले, बाई." बाई म्हणजे मी. कधी म्हणायची, "आज एकच. पन तो म्हसरायेवढा होता." तिला वाटायचं मला आनंद होतोय. गावातल्या बाया ओढ्यावर धुणं धुताना तिला हसायच्या, त्यांत माझं हसू सगळ्यांच्या वर. एका पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला आणि तिचा निम्मा दगडी बांध वाहून गेला. मी त्या दिवशी शिरा केला. कारण काय सांगितलं आता आठवत नाही, पण साजूक तुपातला केला. तिनं दोनदा मागून घेतला आणि खाता खाता म्हणाली, "बरं झालं. पान्यानं दाखवून देलं मी कुठं चुकून राहिली होती." पुढच्या वर्षी तिनं बांध तिरपा घातला. तो अजून आहे. त्याच्यामागं गाळ साचत गेला आणि त्या दगडांच्या जागी काळी माती दिसायला लागली. मामंजी रोज सकाळी काठी टेकत तिकडून चक्कर मारून यायचे, आणि माझ्या मालकांना सांगायचे, "तुमच्या दोघा भावांत एक वेणू असती तर?"

ही गोष्ट मला शेजारणीकडून कळली. रात्रभर उशी उलटी-सुलटी केली आणि सकाळी ठरवलं, आता त्या शिवलेल्या पानांत काय आहे ते बघायचंच. नक्की काही तरी लपवण्यासारखं असणार. चारचौघींत तिला उघडं पाडायचं.

अडचण एकच. मला वाचता येत नव्हतं. आणि गावात मराठी वाचायला शिकवणारी बाई एकच होती.

माझा शहाणपणा बघा. चोरी करायची, म्हणून ज्याच्या घरी करायची त्यालाच कुलूप कसं उघडायचं ते विचारायला गेले. म्हटलं, "वेणे, मला पोथी वाचायची लई इच्छा हाय ग." तिचे डोळे भरून आले. मला वाटलं नाटक करतेय. नाटक मी करत होते.

चुलीपुढं राख पसरून ती बोटानं अक्षर काढायची, मी त्यावरून बोट फिरवायचे. पुसायचं, पुन्हा काढायचं. आत्याबाईंची चाहूल लागली की मी राखेवर पाणी शिंपडून सारवल्यासारखं करायचे. वेणू शिकवताना कधी चिडली नाही. मी "भ" चा "म" केला तरी म्हणायची, "जवळच आलं, बाई." दोन वर्षं लागली मला. मनाशी लिहून पाहिलेलं पहिलं आख्खं वाक्य कुठलं होतं सांगू? "वेणू खोटारडी आहे." आणि ते लिहायला मला तिनंच शिकवलं होतं.

मग एका दुपारी ती रानात गेलेली पाहून मी तिच्या पेटीतून पुस्तक काढलं, गोठ्याच्या माळ्यावर चढले आणि सुईनं एकेक टाका उसवला. चार दुपारी लागल्या वाचायला. बोट धरून, ओठ हलवत, अंगाला गवताची कुसळं टोचत. जेकबचा मका छातीला लागलेला असतो, तेव्हा घोड्यावरून एक माणूस येतो. त्याच्याकडे कागद असतो. कागदावर ते रान दुसऱ्याच कुणाचं असतं, दूरच्या शहरातल्या. जेकब आपले हात दाखवतो. घोड्यावरचा म्हणतो, हातांवर शिक्का कुठे आहे? आणि जेकब कुऱ्हाड खांद्यावर टाकून आणखी पुढच्या जंगलाकडे चालायला लागतो. बस्स. त्यापुढे पान कोरं.

मला इतका आनंद झाला की मी माळ्यावरून उतरताना पडले.

बोंडांचे दिवस आले. बाया जमल्या. वेणूनं दारातल्या जेकबपाशी पुस्तक मिटलं, तशी मी तिच्या हातातून ते ओढून घेतलं. "थांबा. गोष्ट संपली न्हाई. हिनं सात वर्षं तुमाला फसवलं." आणि वाचायला लागले. घोडा, कागद, हात, शिक्का, सगळं. हमीदाबी पुटपुटली, "हाय, याकूब." मी पुस्तक मिटलं आणि वेणूच्या तोंडाकडं पाहिलं. आता पडेल असं वाटलं.

ती टाळी वाजवत होती. "बाई! एकदाबी अडखळल्या न्हाई तुमी! आत्याबाई, ऐकलं का? जोडाक्षरंबी!"

माझ्या आयुष्यात इतका राग मला कधी आला नाही.

"तुला ठाऊक व्हतं ना शेवट?" मी विचारलं.

"बक्षीस भेटलं त्याच दिवशी आंदी शेवट वाचला होता."

"मंग शिवून काहून ठेवलं?"

"हे वाचल्यावर दगड उचलावा वाटते का कोनाले?"

आत्याबाई हातातलं बोंड ठेवून म्हणाल्या, "पोरी, त्याच्यापाशी कागद नव्हता. तुझ्यापाशी हाय का? तुझे मामंजी हाईत तवर करून घे."

वेणू हसली. "जेकबले जाऊ कुठं होती, आत्याबाई? मामंजींनी शब्द देला तवा बाई तिथंच होत्या. मले बाई हायेत."

सगळ्या बायांनी माझ्याकडं पाहिलं. मी बोंड फोडायला घेतलं. ते आधीच फोडलेलं होतं.

पुढं एकाच वर्षात मामंजी आणि आत्याबाई गेले. भावांनी वाटणी करायचं ठरवलं. भांडण नव्हतं, पण दोन चुली झाल्याच होत्या. ओसरीवर गावची चार जाणती माणसं बसली. आम्ही दोघी आत, दाराआड. गावालगतचं रान कुणाला, विहीर कुणाची, बैल कुणाचे, सगळं सरळ होत गेलं. मग ओढ्याकाठचं रान आलं. आता ते बरड नव्हतं, हरभरा डोलत होता तिथं. माझे दीर, नारायण भावजी, म्हणाले, "ते वेणूचं. बाबांनी तिला दिल्यालं." माझे मालक म्हणाले, "मला काई ठाऊक न्हाई." आणि ते खरंच होतं.

"कुणाच्या देखत दिलं?" ओसरीवरून आवाज आला.

"बाईच्या देखत," वेणू दाराआडून म्हणाली. "बाईले इचारा."

"थोरल्या सूनबाई, तुमच्या सासऱ्यानं असा शब्द दिला व्हता का?"

दार अर्धं लोटलेलं. फटीतून उजेडाची एक पट्टी आमच्या दोघींच्या पायांवर पडली होती. तिचे फताडे, माझे नाजूक. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. तिच्या तोंडावर काळजी असती तर मी खरं बोलले असते, असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगितलं. पण ती हसत होती. मी काही बोलायच्या आतच हसत होती. माझ्याबद्दल तिला इतकी खात्री कशी असू शकते? आणि मामंजींचं ते "तुमच्यात एक वेणू असती तर" कानात आलं. आणि घोड्यावरचा माणूस आला.

"मला न्हाई आठवत," मी म्हटलं.

खांदा बाजूला झाला. चुलीवर दूध वर आलं होतं, ते तिनं पदरानं धरून खाली उतरवलं. दूध माझं होतं.

रान थोरल्याच्या वाट्याला आलं. धाकट्यांना मामंजींच्या निपुत्रिक मावशीचं हिंगोलीपलीकडच्या गोरेगावचं चार एकर मिळालं. नुसतं माळ, मुरूम आणि खडक. आठ दिवसांनी गाडी भरून ते निघाले. पहार वेणूनं गाडीत टाकली नाही, खांद्यावर घेतली. गाडी वळणाआड गेल्यावर मी आत आले, तर माझ्या देवळीत ते पुस्तक ठेवलेलं. उसवलेली पानं तशीच, लाल दोऱ्याचे तुकडे लोंबत होते.

पहिला हरभरा घरात आला. गोड होता, खोटं कशाला बोलू? हमीदाबी बांगड्या भरायला आली. इतर वेळी ती बोटं दाबून, गोंजारून हात मऊ करायची. त्या दिवशी तिनं माझा पंजा असा आवळला की डोळ्यांत पाणी आलं.

"हळू ग बाई!"

"नरम है हाथ तुमारा," ती म्हणाली. "पत्थर नहीं उठाए ना कभी. और सुनी मैं, तुमको याद भी नहीं आया." हिरव्या बांगड्या भरून झाल्या आणि ती माझ्या हातचं पाणी न पिताच गेली. असं तिनं त्याआधी कधी केलं नव्हतं.

दोन वर्षांत सगळा मुलूख हलला. निजाम गेला, झेंडे बदलले, माणसं इकडची तिकडे झाली. थंडीत थोडी शांतता आली तेव्हा मी मालकांना म्हटलं, हिंगोलीला खरेदीला जाऊ. वसमतला आगगाडीत बसेपर्यंत त्यांना सांगितलं नव्हतं की मला हिंगोलीच्याही पुढं, गोरेगावला जायचंय. पिशवीत पुस्तक होतं. ती पानं मी पुन्हा शिवली होती. लाल दोरा मिळाला नाही, गोधडीचा पांढरा होता.

बैलगाडीतून उतरले तर समोर माळ. माळावर उन्हात एक बाई वाकलेली. डोक्याचा पदर कमरेला खोचलेला. ओळखायला चेहरा लागला नाही, पाय पुरले.

वाटभर जुळवलेलं सगळं बोलणं विसरले. म्हटलं, "बारीक झालीस ग."

तिनं मला खालून वर पाहिलं. "तुमी न्हाई झाल्या."

मी पुस्तक पुढं केलं. "वेणे, मला आठवत व्हतं."

"मले ठाव हाये," ती म्हणाली. राग नव्हता, हसूही नव्हतं. माती लागलेला हात लुगड्याला पुसून तिनं पुस्तक घेतलं आणि कडेनं बोट फिरवलं. "हे काय? गोधडी शिवली का, बाई? मी तुमाले अक्षरं शिकवली, टाके राह्यलेच."

"ते रान मी तुझ्या नावानं करून देते. मालकांना सांगते. कागद करते, शिक्क्याचा."

आता मात्र ती हसली, तीच ती, शेजारच्या गल्लीत जाईल अशी. "ते घेऊन काय करू? तिथले दगड संपले."

मी बघत राहिले. दीड एकर काळी माती माझी, विहीर माझी, हरभरा माझा, आणि या माळावर उन्हात उभं राहून मी जळत होते. कुणावर? जिच्यापाशी नुसते दगड होते तिच्यावर.

तिनं पुस्तक टोपल्याच्या कडेला ठेवलं. खाली वाकून एक दगड सैल केला आणि माझ्या हातात दिला. "आल्याच तर हा तिकडं टाका. बांध तिरपा घालून राहिली मी."

आयुष्यातला पहिला दगड उचलला मी. नव्या बांगड्यांतली एक फुटली. पोटाशी धरून, धापा टाकत मी वीस पावलं चालले आणि बांधावर नीट ठेवून वळले, की आता तरी हिनं पाहिलं असेल.

तिचं लक्षच नव्हतं. ती पलीकडं वाकली होती आणि माझ्यापेक्षा दुप्पट मोठा दगड उचलत होती. मुद्दाम.